शटरचा आकडा आधी ठरवा

पुण्याजवळ कवडीपाटला नदीवर हिवाळ्यात उडता चक्रवाक (नारिंगी बदक) टिपायचा असेल, तर शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड शिरण्याचा वेळ, १/२००० सेकंदापेक्षा संथ ठेवू नका. त्यापायी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० वर गेला आणि फोटो दाणेदार झाला तरी होऊ द्या. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा काही सरळ होत नाही. पक्षी बहुधा वाऱ्याला तोंड देऊन उडतात आणि उतरतात, म्हणून ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन उभे राहा. दोन्ही जमत नसेल तर ऊन निवडा.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत, जिथे तांब्याची भांडी ठोकून घडवतात, गणित उलटं. तिथे शटर इतकं वेगवान ठेवलं, तर हातोडा हवेतच थिजतो आणि कारागीर फोटोसाठी बसवल्यासारखा दिसतो. १/२५ किंवा १/५० ठेवा, कोपर गुडघ्यावर टेकवा, फोकस भांड्यावर लावा. भांडं स्वच्छ येतं, हातोडा पुसट; ठोका दिसतो तो असाच.

हेच आकडे का? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दुकानात साधी चोकवाली ट्यूब असेल तर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/२५, १/५० किंवा १/१०० ला तिची लुकलुक पूर्ण मोजली जाते. त्याहून वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, सायलेंट शटर (कॅमेऱ्याचा बिनआवाजाचा, इलेक्ट्रॉनिक पर्याय) चालू असेल तर जास्तच. ते बंद ठेवा; घणांच्या त्या आवाजात तुमची खटखट ऐकतंय कोण? बऱ्याच मोबाइलवर शटर, आयएसओ आणि फोकस कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये सापडतील.