तेजीचा अंदाज आहे? मग नुसता कॉल घेऊन बसू नका

निफ्टी वर जाणार असं वाटलं की बहुतेकांचा हात सगळ्यात स्वस्त कॉलकडे (ठरलेल्या भावाला खरेदीचा हक्क देणारं ऑप्शन) जातो. प्रीमियम (कॉलची किंमत) आठ-दहा रुपये, स्ट्राइक (तो ठरलेला भाव) पार लांबचा, लॉट (सौद्याचे ठरीव गठ्ठे) मात्र पाच. एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपताना, असे कॉल बहुतेक शून्यावरच येतात. दिशा बरोबर असून भागत नाही. किती आणि कधीपर्यंत, हेही जुळावं लागतं.

त्यापेक्षा बुल कॉल स्प्रेड बरा. समजा निफ्टी 25,000 वर आहे आणि लॉट 65 चा आहे (एनएसई लॉट बदलत असते, ऑर्डरआधी बघून घ्या). 25,000 चा कॉल 220 ला घ्यायचा आणि त्याच एक्सपायरीचा 25,300 चा कॉल 95 ला विकायचा. निव्वळ खर्च 125 गुणिले 65, म्हणजे 8,125 रुपये. खर्च-कर सोडले तर जास्तीत जास्त तोटा एवढाच. एक्सपायरीला निफ्टी 25,300 किंवा त्याच्या वर असेल तर नफा 11,375. पुढे कितीही पळाला तरी त्यात भर नाही. आता निफ्टी 25,200 वर थांबला असं धरा. नुसता 25,000 चा कॉल घेणाऱ्याला 1,300 चा तोटा, स्प्रेडवाल्याला 4,875 चा नफा.

विकलेल्या कॉलमुळे मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, अडकतं. ते 8,125 पेक्षा जास्त असतं, म्हणून ब्रोकरच्या मार्जिन कॅल्क्युलेटरवर दोन्ही लेग (खरेदी आणि विक्री असे दोन सौदे) टाकून आकडा आधीच बघा.

लिमिट ऑर्डरनेच (आपण ठरवलेल्या भावाची ऑर्डर) जा आणि आधी खरेदी, मग विक्री. उलट केलंत तर उघड्या विक्रीचं पूर्ण मार्जिन मागितलं जातं. बाहेर पडताना क्रम फिरवा: विकलेला कॉल आधी परत घ्या, मग आपला विका. आणि हे काम लोकलमध्ये लटकत करू नका. एक लेग भरला आणि नेटवर्क गेलं, की दुसरा लेग स्टेशन येईपर्यंत तसाच.

एक्सपायरी महिन्याची घ्या, निदान तीन आठवडे हातात असलेली. शेवटच्या आठवड्यात प्रीमियम झपाट्याने वितळतो. बजेट किंवा निकालाच्या आदल्या दिवशी प्रीमियम फुगलेला असतो. बातमी आली की तो खाली बसतो आणि निर्देशांक चढूनही नुसता कॉल तोट्यात जाऊ शकतो. स्प्रेडला हा मार कमी बसतो, कारण आपणही फुगलेलं काही विकलेलं असतं.

फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या बंधनकारक सौद्यात) हिशोब अधिक कडक. 25,000 वर एका लॉटचा सौदा 16,25,000 रुपयांचा, मार्जिन त्याच्या काही टक्केच. एक टक्का घसरण म्हणजे 16,250 रुपये त्याच दिवशी वळते. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्के पडला. आदल्या दिवशी तो तीन टक्क्यांहून जास्त चढला होता. स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बाजार गॅपने, म्हणजे आदल्या बंद भावापासून उडी मारून, उघडला तर तो तुमच्या भावाला लागत नाही.

बाजार नियामक सेबीच्या पाहणीत 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात होते. म्हणून एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त घालू नये. वरच्या स्प्रेडसाठी मग साधारण चार लाख हवेत. तेवढे नसतील तर निफ्टी ईटीएफ (शेअरसारखा घेता येणारा निर्देशांकाचा फंड) घ्या, त्याला एक्सपायरी नसते.

शेअरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक गोम आहे. निफ्टीचा हिशोब रोखीत मिटतो, शेअरचा मात्र डिलिव्हरीने. इन द मनी कॉल (स्ट्राइक बाजारभावाच्या खाली असलेला) एक्सपायरीपर्यंत ठेवलात तर पूर्ण लॉटचे शेअर घ्यायला पैसे लागतात, आणि शेवटच्या काही दिवसांत मार्जिनही वाढत जातं. त्याआधीच मोकळे व्हा.