रक्ताचा कर्करोग विषाणूमुळे होतो का? दावा कसा तपासावा

पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, तरीही घरात कोणाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला की शेजारी हलक्या आवाजात ‘हा लागतो का?’ असेच विचारतात आणि काही घरांत रुग्णाचे ताट-वाटी वेगळे काढले जाते. ‘विषाणूमुळे रक्ताचा कर्करोग’ अशी बातमी वाचनात आली तर ती पुढीलप्रमाणे पारखावी.

आधी नेमका कोणता कर्करोग, हे पाहावे. ल्युकेमिया आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) यांचे अनेक प्रकार आहेत आणि एकाचे कारण दुसऱ्याला लावता येत नाही. बहुतेक ल्युकेमियांमागे कोणताही ठरावीक विषाणू सिद्ध झालेला नाही.

मग रुग्ण कोठले, हे विचारावे. येथे नुसती संख्या पुरत नाही; दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला किती नवे रुग्ण आढळतात आणि दोन शहरांची तुलना करताना वयोरचनेतील फरक जमेस धरला आहे का, हे पाहावे लागते. राहण्याच्या जागेइतकेच जन्मस्थानही महत्त्वाचे असते. जपानमधील क्योटो येथील डॉक्टर कियोशी ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रौढांमधील टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) ल्युकेमियाचे वर्णन केले, तेव्हा त्यांचे बहुतेक रुग्ण दूरच्या क्युशू बेटावर जन्मलेले निघाले. संसर्गाचा माग येथूनच लागला, आणि साथरोगशास्त्राची खरी ताकद मला या एका निरीक्षणात दिसते. पुढे या आजारामागे एचटीएलव्ही-१ हा विषाणू असल्याचे सिद्ध झाले.

यानंतर क्रम तपासावा : विषाणू आधी आला की आजार? रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे सापडणे एवढा पुरावा अपुरा आहे. युगांडात हजारो निरोगी मुलांच्या रक्ताचे नमुने आधीच जपून ठेवले होते. पुढे ज्यांना बर्किट लिम्फोमा (लिम्फोमाचा एक प्रकार) झाला, त्यांच्या जुन्या नमुन्यांत एप्स्टाइन-बार विषाणूची प्रतिपिंडे इतरांपेक्षा जास्त आढळली. टी-पेशी ल्युकेमियात तर विषाणूची जनुके कर्करोगाच्या सर्व पेशींत एकाच जागी रुजलेली दिसतात, म्हणजे त्या सर्व एकाच संसर्गित पेशीपासून निघालेल्या असतात आणि संसर्ग त्या पेशीच्या बेसुमार वाढीच्या आधीचा असतो.

शेवटी, संसर्ग झालेल्यांपैकी किती जणांना आजार होतो, हे पाहावे. एचटीएलव्ही-१च्या वाहकांपैकी आयुष्यभरात सुमारे २ ते ५ टक्क्यांनाच हा ल्युकेमिया होतो, तोही बहुधा अनेक दशकांनी. एप्स्टाइन-बार विषाणू जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो, पण बर्किट लिम्फोमा विरळा; आफ्रिकेत त्याला मलेरियाची जोड लागते.

शेजाऱ्यांना उत्तर देताना सांगावे की ल्युकेमिया स्वतः लागत नाही. एचटीएलव्ही-१ हा विषाणूदेखील मुख्यतः स्तनपान, लैंगिक संबंध आणि रक्त यांतून पसरतो. एका ताटात जेवल्याने नाही. उलट उपचार चालू असताना रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, म्हणून सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याने भेट पुढे ढकलावी आणि इतरांनी हात धुऊन रुग्णाजवळ बसावे.