शेतकरी बाजारात हंगाम ओळखून भाजी-फळे कशी घ्यावीत

2016 साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळला आणि शेतकऱ्याला समितीच्या आवाराबाहेर थेट ग्राहकाला माल विकण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर पुणे, मुंबई, ठाणे अशा शहरांत कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने संत सावता माळी यांच्या नावाने आठवडे बाजार भरू लागले. गृहनिर्माण संस्थांच्या आवारात किंवा महापालिकेच्या मोकळ्या मैदानांवर ठरलेल्या वारी शेतकरी गट टेम्पोने माल आणतात आणि चार-पाच तासांत परत जातात. खेड्यापाड्यांतला आठवडी बाजार तर या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे. या बाजारांत भाजी ताजी मिळते हे खरे असले, तरी केवळ बाजार शेतकऱ्यांचा आहे म्हणून तिथली प्रत्येक वस्तू हंगामातली असेलच असे नाही. घेणाऱ्याला हंगाम ओळखता आला तरच अशा बाजाराचा खरा उपयोग होतो.

पाटी पाहण्याआधी, पाटीवर काय नाही ते पाहावे

बाजारात शिरल्याबरोबर खरेदीला लागू नये. आधी एक फेरी मारावी आणि कोणाकडे काय आहे यापेक्षा कोणाकडे काय नाही याकडे लक्ष द्यावे. स्वतःच्या रानातला माल घेऊन बसलेल्या माणसापुढे एका वेळी फार तर चार-सहा जिन्नस असतात, कारण दोन-तीन एकरांत एकाच पंधरवड्यात त्याहून जास्त काही तोडणीला येत नाही. थंडीत त्याच्याकडे मेथी, मुळा, पावटा आणि वांगी असतील, पण भेंडीचा ढीग बहुधा नसेल. ज्या गाळ्यावर जानेवारीत मटाराशेजारी कलिंगड, त्याशेजारी सिमल्याचे सफरचंद आणि वर कोवळी करटोलीही मांडलेली असतील, तो माल घाऊक बाजारातून उचललेला आहे असे समजावे. असा विक्रेता लबाड असतो असे मुळीच नाही, तोही पहाटे उठून कष्टाचाच धंदा करतो. मात्र त्याच्याकडून घेताना ‘शेतातून थेट’ या पाटीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरी खूण आकाराची. रानातून थेट आलेल्या मालात लहान-मोठे सगळे एकत्र असते, कारण प्रतवारी झालेली नसते. एका मापाचे, चकचकीत टोमॅटो रांगेत लावलेले दिसले तर ते निवडून, पेटीत भरून आलेले असतात. शंका असेल तर सरळ विचारावे, “मावशी, कुठल्या गावचं? तोडणी आजची का कालची?” ज्याने स्वतः तोडले आहे तो गाव, पाण्याची अवस्था आणि अजून किती तोडे निघतील हे न विचारता सांगतो. हे शेवटचे उत्तर फार कामाचे असते. “आता दोनच तोडे राहिलेत” असे ऐकू आले की त्या भाजीचा हंगाम उतरणीला लागला आहे आणि पुढच्या आठवड्यात ती जून, महाग किंवा दोन्ही असणार हे ओळखावे.

सुरुवात, भर आणि उतार

प्रत्येक पिकाच्या हंगामाला सुरुवात, भर आणि उतार असतो. सुरुवातीला अप्रूप असते म्हणून भाव चढा असतो आणि चव अजून भरलेली नसते, तर उतारावर भाव पुन्हा चढतो आणि माल निबर होतो. मधल्या भर हंगामात दर सर्वांत खाली आणि चव सर्वांत वर असते. बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक गाळ्यावर एकच जिन्नस दिसू लागला की तो त्याचा भर समजावा.

सणांच्या पानावरूनही हा अंदाज घेता येतो. जानेवारीच्या मध्याला भोगीच्या भाजीत पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, घेवडा आणि बोरे पडतात, कारण त्या आठवड्यात याच गोष्टी रानात मुबलक असतात. भाद्रपदातल्या ऋषीच्या भाजीत अळू, माठ, लाल भोपळा, शिराळे, मक्याचे कणीस आणि सुरण असते, तेही याच हिशोबाने. ज्याला महिन्यांचे तक्ते पाठ करण्याचा कंटाळा आहे त्याने घरातल्या मोठ्यांना कोणत्या सणाला काय रांधायचे एवढेच विचारावे.

फळांच्या बाबतीत मात्र सणांपेक्षा बहार, म्हणजे झाडाला कोणत्या वेळी फुलोरा आला ते, लक्षात ठेवावा. नागपुरी संत्री आंबिया बहाराची असतील तर ती साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चपासून. मधल्या काळात संत्री कमी दिसली म्हणून हंगाम संपला असे नसते. पुरंदरच्या अंजिरांचेही असेच आहे. थंडीत येणारा खट्टा बहार आणि उन्हाळ्यात येणारा मीठा बहार यांतला फरक नावातच सांगितलेला असल्यामुळे नुसते खायचे असेल तर उन्हाळ्याची वाट पाहावी.

कांदा: वर्षाची बेगमी

भाजीवाल्याकडून दर आठवड्याला किलोभर कांदा घेणाऱ्या घरांना कांद्याला हंगाम असतो हे जाणवतच नाही आणि म्हणूनच दिवाळीच्या सुमारास भाव कडाडले की त्यांची धांदल उडते. महाराष्ट्रात कांदा तीन वेळा निघतो. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतो, त्यामागून लेट खरीप म्हणजे रांगडा जानेवारी ते मार्चमध्ये, आणि मार्चअखेरीपासून मेपर्यंत उन्हाळी कांदा. यांतला टिकतो तो फक्त उन्हाळी. खरिपाच्या कांद्यात पाणी जास्त असल्यामुळे तो महिनाभरात कोंब धरतो किंवा सडतो. तो लागेल तेवढाच घ्यावा. उन्हाळी कांदा शेतकरी चाळीत, म्हणजे कांद्यासाठी बांधलेल्या हवेशीर कोठारात, भरून ठेवतात आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत आपण जो खातो तो बव्हंशी हाच साठवलेला कांदा असतो.

घरी चार-सहा महिन्यांची बेगमी करायची असेल तर एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये शेतकरी बाजारातूनच गोणी घ्यावी आणि घेण्यापूर्वी चार-पाच कांदे हातात घेऊन नीट पाहावेत. मान बारीक आणि पूर्ण बंद झालेली असावी. अंगठ्याने मानेवर दाबल्यावर ती मऊ लागली तर कांदा पातीसकट नीट सुकवलेला नाही आणि तो मानेपासूनच सडत जाणार. वर कोरड्या पत्तीचे दोन तरी थर हवेत. जोडकांदे आणि डेंगळे, म्हणजे मधोमध जाड दांडा धरलेले कांदे, दिसायला भरदार असले तरी साठवणीला निरुपयोगी असतात. आकार मध्यमच बरा. घरी आणल्यावर गोणी तशीच कोपऱ्यात उभी करून ठेवू नये. पलंगाखाली किंवा गच्चीच्या जिन्याखाली, जिथे वारा लागतो आणि ऊन लागत नाही अशा जागी, पातळ थरात पसरावे आणि पंधरा दिवसांनी एकदा हात फिरवून नासके काढावेत. बटाटे शेजारी ठेवण्याची अनेक घरांत पद्धत आहे, पण ती मोडलेली बरी, कारण दोन्हींचा ओलावा एकमेकांना लागून दोन्ही लवकर कोंब धरतात.

अलिबागचा पांढरा कांदा वेगळ्या वाटेने येतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या पातीच्या वेण्या घालून माळा विकायला येतात. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तो गोडसर असल्यामुळे कच्चा खाण्यासाठी घ्यावा.

हात लावून काय पाहावे

भाजी निवडताना विक्रेत्याचा माल खराब होणार नाही एवढे भान ठेवावे. भेंडीची टोके मोडून पाहण्याची सवय फार जुनी आहे आणि मोडलेल्या भेंड्या परत ढिगात टाकण्याचीही. एक मोडावी, पटकन तुटली तर बाकीच्या तिच्यावर विश्वास ठेवून घ्याव्यात. दुधी कोवळा असेल तर सालीवर बारीक लव असते, ती हाताला जाणवते आणि मग नखाचा व्रण करण्याची गरज उरत नाही. भरिताचे वांगे आकाराच्या मानाने हलके आणि देठ हिरवागार असलेले घ्यावे. जड वांग्यात बहुधा बियाच बिया निघतात.

मटार आणि मक्याच्या कणसाला मात्र दिसण्यापेक्षा वेळ महत्त्वाची. तोडल्या क्षणापासून त्यांतल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो. त्यामुळे आज सकाळी तोडलेला मटार आणि परवा तोडलेला मटार एकाच ढिगात सारखेच हिरवे दिसले तरी चवीत अंतर पडते. शेंग सोलून एक दाणा कच्चाच खाऊन पाहावा, कोणताही शेतकरी त्याला नाही म्हणत नाही.

सीताफळ ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत चालते. डोळे मोठे झालेले आणि डोळ्यांमधल्या रेघा पांढरट-पिवळसर पडलेल्या दिसल्या की फळ एक-दोन दिवसांत पिकणार. डोळे बारीक आणि दाट असलेले फळ कोवळेच तोडलेले असते, ते मऊ होते पण गोड होत नाही. न पिकलेले सीताफळ फ्रिजमध्ये ठेवले तर काळे पडते. चिकू घेताना नखाने हलकेच खरवडावे, खाली हिरवे दिसले तर तो अजून झाडावर राहायला हवा होता.

हापूसबाबत थोडे सबुरीने

कोकणचा हापूस मार्चपासून बाजारात दिसू लागतो, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेला मागणीमुळे भाव चढतो, आणि एप्रिलअखेर ते मेचा पहिला पंधरवडा हा त्याचा खरा भर. तोपर्यंत थांबता येत असेल तर थांबावे. 2018 मध्ये ‘हापूस’ला जे भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यापुरते आहे. पेटीवर नुसते ‘देवगड’ छापलेले असणे हा पुरावा नव्हे, त्यामुळे बागायतदार कोण आणि गाव कोणते हे विचारावे. देठाजवळचे खांदे भरलेले आणि देठाशी नाक नेल्यावर वास येणारे फळ घ्यावे. वरून एकसारखे पिवळेधमक पण दाबल्यावर टणक आणि वासाला काहीच नसलेले फळ टाळावे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे, ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरण्याला मात्र परवानगी आहे. सर्वांत निश्चिंत उपाय म्हणजे तयार पण कच्ची फळे आणून घरीच पेंढ्याच्या अढीत घालणे. कोकणचा आंबा पावसाने आटोपला की मराठवाड्याचा केसर आणि जुन्नर भागातला आंबा येतो. त्याला अजूनही दुय्यम समजले जाते, हे माझ्या मते अन्यायाचे आहे.

पावसाळ्यातल्या रानभाज्या

जून ते सप्टेंबर या काळात मेथी, पालक, कोथिंबीर शेतातच चिखलाने आणि सडीने खराब होतात, त्यांचे भाव वाढतात आणि जुड्या निम्म्या फेकाव्या लागतात. अशा वेळी त्यांच्यामागे न लागता रानभाज्यांकडे वळावे. पालघर, जव्हार, मुरबाड, कर्जत या भागांतल्या आदिवासी बाया टोपल्या घेऊन ठाणे-कल्याणपर्यंत येतात, आणि कृषी विभागातर्फे ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी रानभाजी महोत्सवही भरतात. टाकळा फुलावर येण्यापूर्वीचा, कोवळ्या पानांचाच घ्यावा. करटोली हिरवी आणि टणक घ्यावीत, पिवळसर पडलेल्यांत बिया टणक झालेल्या असतात. भाव ऐकून दचकू नये, ती रानातून एकेक करून वेचून आणलेली असतात.

शेवळे पहिल्या पावसाच्या आगेमागे थोडेच दिवस मिळतात. त्यांना खाज असते, म्हणून विकणारीकडूनच काकडे, म्हणजे काकड या रानझाडाची आंबट फळेही, मागून घ्यावीत. बहुतेक वेळा ती शेजारीच ठेवलेली असतात. वरचे आवरण आणि आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकावा, बाकीचे बारीक चिरून काकडांच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात नीट शिजवावे. आंबटात कसूर केली तर घसा धरतो. कोणतीही रानभाजी पहिल्यांदा घेताना ती कशी निवडायची, काय टाकायचे आणि पाणी फेकायचे का ठेवायचे हे विकणारीला विचारल्याशिवाय पिशवीत टाकू नये. छायाचित्र पाहून स्वतः रानातून खुडून आणण्याचा उत्साह तर अजिबात करू नये, कारण एकमेकींसारख्या दिसणाऱ्या वनस्पतींत विषारीही असतात.

वेळ, पिशवी आणि घरी आल्यावर

पालेभाजी बाजार उघडल्यावर तासाभरात घ्यावी. कांदा, भोपळा, सुरण असे टिकाऊ जिन्नस मात्र शेवटच्या अर्ध्या तासात घेतले तरी चालतात, तेव्हा परतीच्या टेम्पोत ओझे नको म्हणून भावही उतरतो. जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करण्यापेक्षा चार जुड्या एकाच ठिकाणी घेऊन मग विचारावे, हे दोघांनाही परवडते. जाताना कापडी पिशव्या दोन न्याव्यात, एक जड मालासाठी आणि एक पाल्यासाठी. सुटे पैसे बरोबर ठेवावेत, कारण मैदानात नेटवर्क असेलच असे नाही. काट्यावर माल ठेवण्यापूर्वी आकडा शून्यावर आहे ना, हे पाहून घ्यावे.

घरी आल्याबरोबर जुड्यांची सुतळी किंवा रबर सोडावे, पिवळी पाने काढावीत आणि पाला न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. विक्रेत्याने पाणी शिंपडलेले असेल तर आधी तासभर पसरून सुकू द्यावा. मुळा आणि गाजर यांचा पाला त्याच दिवशी कापून वेगळा करावा, नाहीतर तो कंदातले पाणी ओढून घेतो आणि दोन दिवसांत मुळा पोचट होतो. मुळ्याच्या त्या पाल्याची पीठ पेरून भाजी रात्रीच्या जेवणालाच होऊन जाते.