क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी होताय? या चुका टाळा

अठ्ठावीस दिवसांची डायरी होती. रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घेतल्याची खूण आणि शेजारच्या रकान्यात "त्रास नाही". सगळं एकाच निळ्या पेनानं, एकाच घाईच्या अक्षरात लिहिलेलं. शेवटच्या दोन खुणा तर अजून न उजाडलेल्या दिवसांच्या होत्या. उमरेडजवळच्या गावाहून आलेल्या काकूंसमोर मी डायरी धरली, तशा त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मधी सात दिवस गोळीच नाही घेतली ना पोरी मी. मळमळ होऊन राहिली होती. सांगितलं तर डॉक्टर साहेब रागावतीन, काढून टाकतीन, असं वाटलं."

डॉक्टर रागावले नाहीत. काकूंच्या मळमळीची रीतसर नोंद झाली, गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि त्या ट्रायलमध्ये राहिल्या. पण ती डायरी तशीच पुढे गेली असती, तर "या डोसनं कुणाला मळमळ होत नाही" या निष्कर्षात त्यांच्या खोट्या खुणांचीही भर पडली असती. उद्या हेच औषध बाजारात येईल, तेव्हा हजारो लोक ते याच डोसमध्ये घेतील.

नागपुरात ट्रायल को-ऑर्डिनेटर म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. रुग्णांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी मला हीच भीती दिसते, रागावतील किंवा काढून टाकतील ही. नागपूरला ट्रायल नव्या नाहीत. २०२० मध्ये कोव्हॅक्सिन या कोरोना लशीच्या पहिल्या टप्प्याची चाचणी देशात ११ रुग्णालयांत झाली, त्यातलं एक केंद्र आपल्या शहरात होतं. इथल्या रुग्णालयांत विदर्भातून, छिंदवाडा-बालाघाटकडून रुग्ण येतात, आणि त्यातल्या काहींना कधी ना कधी विचारलं जातं, "एक स्टडी सुरू आहे, भाग घ्याल का?"

"साहेबांनी सांगितलं म्हणजे झालं"

पहिली चूक इथेच होते. ओपीडीत गर्दी असते, परतीची एसटी गाठायची असते, आणि पंधरा-वीस पानांचा संमतीपत्राचा गठ्ठा समोर येतो. नवरा म्हणतो, "कुठं सही करू?" बायको रुग्ण असली तरी सही तोच करायला निघतो. तसं चालत नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच लागते. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला एक साक्षीदार सगळं समजावून सांगताना हजर असावा लागतो. अंगठा घेऊन मोकळं होणं म्हणजे संमती नव्हे.

कागद मराठीत मागा. घरी न्या, दोन दिवस ठेवा, मुलीला किंवा गावातल्या शिकलेल्या माणसाला वाचायला द्या. यात कुणाचा अपमान होत नाही. वाचताना एक गोष्ट मनात पक्की करा: ट्रायल आणि उपचार एक नव्हेत. उपचारात डॉक्टर तुमच्यासाठी औषध निवडतात. ट्रायलमध्ये बहुतेक वेळा तुम्ही कुठल्या गटात जाल ते चिठ्ठी टाकल्यासारखं, कॉम्प्युटरवरून ठरतं. नवं औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तर चाचणी असते. "मुंबईहून नवीन औषध आलं, ते आपल्यालाच मिळणार" या आशेवर सही केलेला माणूस दोन महिन्यांनी फार दुखावतो. ते मी पाहिलं आहे, आणि त्यात समजावून सांगणाऱ्या आमचाही दोष असतो.

म्हणून सहीआधी विचारा. या आजारावर आज जे औषध मिळतं, ते ट्रायलमध्ये मला मिळेल की बंद होईल? प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, आहे का, आणि असेल तर ती नेहमीच्या उपचारांबरोबर की त्यांच्याऐवजी? किती फेऱ्या, किती वेळा रक्त? येण्याजाण्याचा खर्च मिळेल का? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला? यातल्या एकाही प्रश्नावर कुणी वैतागलं, तर त्या ट्रायलमध्ये जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

सही होऊन गेली असेल तरी बिघडलं नाही. सही केलेल्या कागदाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे, ती मागून घ्या आणि राहिलेले प्रश्न पुढच्या व्हिजिटला विचारा. त्या कागदावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमध्ये रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे या समितीत किमान ७ सदस्य असतात. त्यात एक सामान्य नागरिक आणि एक महिला हवीच, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. डॉक्टरांबद्दलच तक्रार असेल तर ती डॉक्टरांकडे कशाला न्यायची? या नंबरवर करा.

आणि ट्रायलच्या औषधाचे कुणी पैसे मागितले किंवा नोंदणी क्रमांक सांगायला टाळाटाळ केली, तर तिथंच थांबा. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत पहिला सहभागी घेण्याआधीच ट्रायलची नोंद व्हायला हवी, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते.

वैद्याचं चूर्ण आणि दुसरीकडे चढवलेलं रक्त

"आणखी काही औषध चालू आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही, काहीच नाही." मग पिशवीतून बीपीची पट्टी निघते. गुडघ्यासाठी आणलेलं चूर्ण तर बहुतेकांच्या हिशेबात औषध म्हणून धरलंच जात नाही. पण अशा बेनामी चुर्णात कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. मग शुगर वाढते, दोष नव्या औषधावर येतो, आणि खरं कारण घरच्या फळीवर डबीत असतं. यावर सोपा उपाय आहे: नावं आठवत बसू नका, घरातली सगळी औषधं, काढे, पुड्या एका पिशवीत भरून आणा. दोन व्हिजिटच्या मधे गावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं असेल, तर त्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नव्या तपासणी पद्धतीच्या चाचणीत हे लपवणं आणखी महागात पडतं, आणि इथं औषधच नाही म्हणून लोक जास्तच बेफिकीर असतात. आपल्या भागातल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच उदाहरण घ्या. नवं किट तपासायचं असेल तर बोटातून थेंबभर रक्त किटवर घेतात आणि शिरेतलं रक्त हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनवर पाठवतात, मग दोन्ही निकाल ताडून पाहतात. आता समजा, तपासणीला आलेल्या एका मुलाला महिन्याभरापूर्वी दुसऱ्या दवाखान्यात रक्त चढवलं होतं आणि आईनं ते सांगितलंच नाही. चढवलेल्या रक्तातलं नॉर्मल हिमोग्लोबिन अंगात फिरत असतं. त्यामुळे एसएस पॅटर्नचा, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला, रुग्ण मशीनवरही नुसता वाहक दिसू शकतो. नव्या किटची ज्याच्याशी तुलना करायची, ते मापच चुकलं! गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल, तर कुणी विचारण्याआधी सांगा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याचं नेमकं वय सांगा, कारण तेव्हा जन्माबरोबर आलेलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि साध्या सोल्युबिलिटी चाचणीत, म्हणजे सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीत, आजार झाकला जातो.

आणखी एक कळकळीची विनंती. चाचणीत असलेल्या किटचा निकाल अंतिम समजू नका. एका मुलीच्या घरच्यांनी किटचा "निगेटिव्ह" सोयरिकीच्या बोलणीत सांगून टाकला होता, नेहमीच्या तपासणीचा रिपोर्ट यायच्या आधीच. ते किट भरवशाचं आहे की नाही, हेच तर आम्ही तपासत होतो. पक्का रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबा.

मे महिन्यातली डिकी

ही चूक खास आपल्याकडची. डब्यावर लिहिलेलं असतं, २५ अंशांच्या खाली ठेवा. आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सकाळी दहाला व्हिजिट संपते, औषधाचा डबा स्कूटीच्या डिकीत जातो, मग सीताबर्डीवर खरेदी, नातेवाइकांकडे जेवण. संध्याकाळी डबा घरी पोहोचतो तेव्हा हाताला गरम लागतो. असं औषध वरून जसंच्या तसं दिसतं, पण आतून बिघडलेलं असू शकतं.

औषधाचा डबा हातात आल्यावर थेट घरी जा, किंवा बाकीची कामं उरकून घरी निघताना तो घ्या. लांबून बसनं येणाऱ्यांनी आम्हाला आधी फोन करावा, थंड पिशवी देता येते. घरी कुलर असलेल्या खोलीत, भिंतीतल्या बंद कपाटात ठेवा, कुलरच्या ओल्या झोतात नको. २ ते ८ अंशांत ठेवायचं इंजेक्शन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, कारण दार दिवसातून पन्नासदा उघडतं, आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको, गोठलं की ते गेलं. लाइट बराच वेळ गेली असेल तर किती वाजता गेली आणि किती वाजता आली ते लिहून आम्हाला कळवा. डिकीत राहून गेलं असेल तरी सांगा. डबा बदलून देता येतो, पण न सांगता घेतलेल्या गोळीचं आम्हाला काहीच करता येत नाही.

रिकाम्या पट्ट्याही फेकू नका, आम्हाला एकेक गोळी मोजावी लागते. आणि त्याच दुखण्याच्या भावाला त्यातल्या दोन गोळ्या देणं हे प्रेमापोटी होतं हे मला समजतं, पण त्याची तपासणी झालेली नाही, तो धोक्यात येऊ शकतो.

कॅप्सूल फोडून चव पाहणं हाही एक प्रकार आहे. "गोड लागली, म्हणजे आपल्याला साखरेची देऊन राहिले." चवीवरून काहीही कळत नाही. पण एकदा मनानं घेतलं की माणूस बरं वाटत असूनही नाही म्हणून सांगतो.

"उपाशी या" म्हटलं तर चहासुद्धा नको. अर्धा कप घेतलाच असेल तर तसं सांगा. बहुतेक व्हिजिटना दोन-तीन दिवस पुढेमागे व्हायची मुभा असते, रक्त दुसऱ्या दिवशी घेता येतं. लग्न, कापूस वेचणी, संत्र्याची तोड आधी ठाऊक असते, तेव्हा तारीख आधीच बोलून घ्या.

कार्ड कपाटात, रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात

ट्रायलमध्ये आल्यावर एक छोटं कार्ड मिळतं. लोक ते जपून आलमारीत ठेवतात. त्याची जागा पाकिटात, आधार कार्डाच्या मागे. रात्री दोन वाजता छातीत दुखलं आणि घरच्यांनी जवळच्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांना तुम्ही ट्रायलमध्ये आहात हे कळलंच पाहिजे. तुम्हाला नेमकं कोणतं औषध मिळतंय हे गुपित असलं, तरी जिवावर बेतलं तर ते उघड करण्याची सोय असते. म्हणून घरातल्या निदान दोघांना ते कार्ड दाखवून ठेवा.

भरती व्हावं लागलं तर त्याच दिवशी आम्हाला कळवा. अशा गंभीर घटनेचा अहवाल डॉक्टरांना, ती घडल्यापासून २४ तासांच्या आत, औषध नियंत्रकांकडे, एथिक्स कमिटीकडे आणि ट्रायल घडवून आणणाऱ्या प्रायोजकाकडे द्यावा लागतो. ट्रायलदरम्यान इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, आणि ती ट्रायलमुळेच झाल्याचं ठरलं तर नुकसानभरपाईही. लोक "आपलंच काहीतरी चुकलं असंन" म्हणून गप्प राहतात आणि हे सगळं गमावतात. भरतीचे कागद, बिलं, डिस्चार्ज कार्ड, एकही फेकू नका.

ट्रायल सोडायची असेल तर

फोन उचलणं बंद करू नका. सोडण्याचा हक्क तुम्हाला पहिल्या दिवसापासून आहे. कारण देणं बंधनकारक नाही, आणि पुढच्या नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये. पण काही औषधं एकदम थांबवली तर उलटतात, ती हळूहळू उतरवावी लागतात. म्हणून एक शेवटची व्हिजिट करा. उरलेल्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्या आणि डायरी घेऊन या, जशी असेल तशी, कोरी असली तरी चालेल. जाण्याआधी तपासण्यांचे रिपोर्ट मागून घ्या, उद्यापासून कोणतं औषध सुरू करायचं ते लिहून घ्या, आणि आपण कोणत्या गटात होतो हे कधी कळेल तेही विचारा.