रिलीज मेडिकल बोर्डाला सामोरे जाताना

सैन्यातून निवृत्त होणाऱ्या जवानाला शेवटच्या काही महिन्यांत पेन्शनची कागदपत्रे, घरसामानाची बांधाबांध आणि पुढच्या नोकरीची चौकशी यांतून सवड मिळत नाही. त्या धावपळीत वैद्यकीय तपासणी केवळ एक औपचारिकता म्हणून उरकली जाते. वास्तविक सेवाकाळात शरीराला जे काही झाले, त्याची सरकारदरबारी अखेरची नोंद याच वेळी होते. पुढे अपंगत्व पेन्शनचा प्रश्न निघाला, तर प्रत्येक कार्यालय आणि न्यायाधिकरण हीच नोंद प्रथम उघडून पाहते. म्हणून या तपासणीची तयारी निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी सुरू करावी.

जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पद्धतीने ठरते, हे सर्वांना ठाऊक असते. एस म्हणजे मानसिक स्थिती, एच म्हणजे ऐकू येणे, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शारीरिक क्षमता आणि ई म्हणजे दृष्टी. जो शेप-१ या पूर्ण तंदुरुस्तीच्या श्रेणीत आहे, त्याची साधी तपासणी करून त्याला मोकळे केले जाते. जो लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे त्याखालच्या श्रेणीत आहे, त्याच्यासाठी लष्करी रुग्णालयात रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांचे मंडळ, बसते. बोर्ड मुख्यतः तीन गोष्टी ठरवते : आजार कोणता, तो सेवेमुळे उद्भवला किंवा सेवेमुळे बळावला काय, आणि अपंगत्व किती टक्के आहे. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला अपंगत्वाचा लाभ मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे सेवेशी संबंध मान्य व्हावा लागतो आणि टक्केवारी किमान २० असावी लागते.

आपल्याकडच्या जवानांची खरी अडचण येथेच आहे. कॅटेगरी खाली आली तर बढती अडेल, कोर्स हुकेल, आवडती पोस्टिंग जाईल, या भीतीने अनेकजण दुखणे अंगावर काढतात. तोफखान्यात वर्षानुवर्षे काम करून कानात सतत आवाज घुमत असतो, पाठीवर ओझे वाहून कंबर धरलेली असते, उंचीवरच्या चौक्यांवर हिमदंशाने बोटे बधिर झालेली असतात, तरीही सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी असल्याची अधिकृत नोंद, केलेला नसतो. ज्याची नोंद नाही, त्याचा विचार बोर्डाला सहसा करता येत नाही. ही वृत्ती सैन्यात कौतुकाची मानली जाते आणि तिच्यामागचा अभिमान मला समजतो, पण तिची किंमत निवृत्तीनंतर त्या जवानालाच नव्हे, तर त्याच्या बायकोमुलांनाही मोजावी लागते. म्हणून जो त्रास आजही आहे, तो बोर्डाच्या पुरेशा आधी एम.आय. रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, सांगावा, तज्ज्ञाकडे पाठवण्याची विनंती करावी आणि श्रवणचाचणी, एक्स-रे किंवा आवश्यक ती तपासणी करून तिचा अहवाल वैद्यकीय कागदांत लागला आहे, याची खात्री करून घ्यावी.

कागद जमवताना केवळ रुग्णालयातून सुटी मिळाल्याची पत्रके पुरेशी नसतात. दुखापत झाली असेल तर तिचा इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६ हा फॉर्म, आणि चौकशी झाली असल्यास कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष यांच्या प्रती युनिटमधून घ्याव्यात. सुटीवर येताना किंवा परतताना अपघात झाला असेल, तर सुटीचे प्रमाणपत्र आणि सरकारी खर्चाच्या प्रवासाचे रेल्वे वॉरंट जपून ठेवावे, कारण सरकारी खर्चाने कामाच्या ठिकाणाहून गावी जाण्यायेण्याचा प्रवास अपंगत्व पेन्शनच्या २००८ च्या, म्हणजे आता जुन्या झालेल्या, नियमांत कर्तव्याचा भाग मानलेला आहे. हृदयविकाराच्या बाबतीत झटका येण्यापूर्वीच्या १४ दिवसांत जवानाने कोणती कामे केली, याचा युनिटचा अहवाल बोर्ड पाहते. त्या अहवालात रात्रीचा पहारा, लांबची कूच किंवा ऑपरेशनल ड्युटी सुटली असेल, तर ती दुरुस्ती युनिट सोडण्यापूर्वीच करून घ्यावी लागते. कोणत्या वर्षी फील्डमध्ये, अतिउंचीवर किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेत सेवा केली, याचा तारीखवार तक्ताही स्वतः तयार करावा.

बोर्डाच्या फॉर्ममध्ये जवानाचे स्वतःचे निवेदन असते. भरतीपूर्वी हा आजार होता काय, तो केव्हा आणि कोठे सुरू झाला, उपचार कोठे घेतले, असे प्रश्न त्यात येतात. हा भाग दुसऱ्या कोणी भरून दिला असेल, तर प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय सही करू नये. ‘लहानपणापासून थोडे दुखायचे’ असे बोलता बोलता निघालेले वाक्य तेथे लिहिले गेले, तर पुढे ते आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकते. खोटे काहीही सांगू नये, वाढवूनही सांगू नये, पण संकोचाने एकही तक्रार वगळू नये. उपचार नाकारले होते काय, आजारात स्वतःचा निष्काळजीपणा होता काय, या रकान्यांतील उत्तरेही नीट पाहावीत.

झोप न येणे, दचकून उठणे, अकारण संताप, माणसांत नकोसे वाटणे, या गोष्टी डॉक्टरांसमोर बोलणे सर्वांत अवघड जाते. त्या लपवू नयेत. डॉक्टरांकडे जाण्याआधी कोणाशी तरी बोलायचे असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला.

अपशिंगे किंवा सैनिक टाकळी यांसारख्या गावांत सल्ला देणारे जुने सैनिक घरोघरी भेटतात आणि त्यांचा अनुभव मोलाचा असतो. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून या लाभांचे नियम बदलले आहेत, त्यामुळे त्याआधी निवृत्त झालेल्याला जे लागू झाले, ते आपल्याला जसेच्या तसे लागू होईल, असे गृहीत धरू नये. जुन्या नियमांखालील प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धर्मवीर सिंग निकाल मोठा आधार ठरला आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत उद्भवला असे मानावे आणि तसे नसल्याची कारणे बोर्डाने लिहून द्यावीत, असे त्या निकालाने सांगितले. आपल्या प्रकरणात कोणते नियम धरले गेले, हे बोर्डाच्या कागदांवरून आणि जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रावरून तपासावे.

दावा नाकारल्याचे पत्र आले, तर ते मिळाल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवावी, कारण पहिल्या अपिलासाठी सहा महिन्यांची मुदत असते. बोर्डाच्या कामकाजाची प्रत हाती नसेल, तर रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करून ती मागवावी आणि न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा वापर करावा. अपिलात सेवेतील कष्टांचे सर्वसाधारण वर्णन करण्यापेक्षा बोर्डाने दिलेले कारण उद्धृत करून कोणत्या तारखेची कोणती नोंद त्याच्याशी जुळत नाही, हे दाखवावे. दुसरे अपीलही फेटाळले गेल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्जाचे मार्गदर्शन मिळते, आणि ते घेतल्याशिवाय वाटेतल्या दलालाला पैसे देऊ नयेत.

दाव्याचे काहीही होवो, उपचार थांबता कामा नयेत. १ एप्रिल २००३ पासून सुरू असलेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा अर्ज निवृत्तीच्या कागदांबरोबरच भरावा आणि त्यात पत्नी, मुले व अवलंबून असलेले आईवडील यांची नावे डिस्चार्ज बुक व आधार कार्डाशी अक्षरशः जुळवून घ्यावीत. सर्व वैद्यकीय कागदांचा एक संच स्वतःजवळ, दुसरा पत्नीच्या ताब्यात आणि तिसरा स्कॅन करून ठेवावा. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हाती येताच त्यावरील अपंगत्वाचा रकाना बोर्डाच्या निष्कर्षाशी ताडून पाहावा आणि तफावत आढळल्यास त्याच आठवड्यात रेकॉर्ड ऑफिसला नोंदणीकृत टपालाने कळवावे.