नॅनकिंग चेरी : थंडीवर खापर फोडू नका

कॅनडातल्या कॅलगरीत माझी पहिली नॅनकिंग चेरी गेली तेव्हा मी सगळं बिल हिवाळ्याच्या नावावर फाडलं. उणे तीस म्हटल्यावर दुसरं कोण मारणार? पण हे झुडूप मूळचं उत्तर चीन, कोरियाकडचं, उणे ४० पर्यंत तग धरणारं. बर्फ वितळल्यावर वाकून बघितलं, तर खोडांची साल चहूबाजूंनी कुरतडलेली आणि आतलं लाकूड सोललेल्या उसासारखं पांढरंफटक. सशाचे उद्योग!

मी ते लगेच उपटलं, ही दुसरी चूक. जिथे कुरतडलंय त्याच्या खालून बऱ्याचदा नवे धुमारे फुटतात, जूनपर्यंत थांबायला हवं होतं. आता ऑक्टोबरातच जाळी लावते. उंची मात्र जमिनीपासून मोजू नका, कारण ससा साचलेल्या बर्फावर उभा राहून जेवतो. जाळीचा तळ चार बोटं मातीत पुरा, म्हणजे बर्फाखालून फिरणारे उंदीरही अडतात.

फुलं भरपूर, फळ मात्र एकही नाही? मग बहुधा एकच झुडूप लावलंय. हिला परपरागीकरण, म्हणजे दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात. शेजारी दुसरं लावा, पण पहिल्याचीच फांदी कलम करून नको; ते तेच झाड झालं.

फुलंच येत नसतील तर कात्री कधी चालवली ते आठवा. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. मार्चमध्ये झुडूप गोल, नीटनेटकं केलं की मे महिन्याची फुलं कचऱ्याच्या पिशवीत गेलीच. छाटणी बहर ओसरल्यावर करायची, तीही जुनी जाड खोडं बुडातून काढून.

दक्षिणेकडची उबदार भिंत मला फार आवडली होती, झाडालाही आवडली. ते लवकर जागं झालं आणि मेमधल्या एका गारठलेल्या रात्री फुलं गेली. अशा वेळी फुलाचा मधला भाग काळा पडतो, डहाळी मात्र ठीक असते. पण फुलं तपकिरी होऊन डहाळीलाच चिकटून राहिली आणि शेंडाही वाळला, तर ती बुरशी समजा. ओल्या वसंतात ती हमखास येते. वाळक्या भागाच्या चांगलं वीतभर खाली कापा आणि कापलेलं कंपोस्टात टाकू नका.

पाण्याचं थोडक्यात सांगते. फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे लावू नका, नाहीतर मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. चिकणमातीत मुळं कुजतात, आणि पानं मलूल दिसली म्हणून आपण आणखी पाणी घालतो!

पुण्याची मावशी फोटो बघून दरवर्षी बिया मागते. तिला सांगते, अगं, हिला फुलायला महिनोन् महिने थंडी लागते, तुझ्या डिसेंबरात तिचं काही भागायचं नाही.