डोंगरात ड्रोन उडवताना १२० मीटरचं गणित

हौशी ड्रोनला अनेक देशांत १२० मीटर, म्हणजे साधारण ४०० फुटांची कमाल मर्यादा आहे. ती मोजायची ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून. ॲप मात्र उंची दाखवतं उड्डाण केलं त्या जागेपासूनची! कड्यावरून दरीवर नेला, तर स्क्रीनवर ४० आणि प्रत्यक्षात २५० मीटर सहज होतात. ॲपमध्ये १२०ची मर्यादा घालून हे सुटत नाही. ते सपाट माळावर ठीक.

आता मी आधी समोच्च रेषांचा नकाशा बघतो आणि पायथ्यापासून उताराला धरून वर जातो. ॲपची मर्यादा आड आली की ड्रोन उतरवायचा, थोडं चढायचं, पुन्हा उडवायचा. कंटाळवाणं आहे खरं. विमानतळाजवळचे निर्बंध याहून कडक असतात, ते वेगळे तपासावेत.